चौदा मीटरवरचा ठोकळा

प्रिय दादा,

परवा वहिनींचा फोन आला होता. ड्रिल मशीन विकलं, परवाना गेला आणि तुम्ही कोणाशी बोलत नाही, म्हणाल्या. तुम्ही आणि बोलत नाही! मशीनच्या खडखडाटावर आवाज चढवून दिवसभर मला चिडवणारे तुम्ही! तेव्हापासून तीन वेळा पत्र लिहायला घेतलं आणि तिन्ही वेळा फाडलं.

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी चुनखडीला वाळूचा दगड म्हटलं आणि तुमची दगडूबाई झाले. भूगर्भशास्त्राची पदवी माझ्याकडे होती, पण जमिनीच्या पोटातून आलेले दगडाचे दांडे पेटीत ओळीने कसे मांडायचे, हे तुम्हीच शिकवलंत. मधला तुकडा हाती लागला नाही, तर तेवढी जागा मोकळी सोडायची, तिथे लाकडाचा ठोकळा ठेवायचा आणि त्यावर खोली लिहायची. तुमच्या कोंबडीच्या पायांच्या अक्षराला मी हसायचे. तुम्ही ठोकळा उलटा करून माझ्यापुढे धरायचात, "पाहिलंस ना? मग मागे सही ठोक. उद्या कोणी म्हणायला नको, दादाने दगड खाल्ला."

त्या टेकडीवर चौदा मीटरखाली चाळीस सेंटिमीटर काहीच आलं नाही, नुसतं गढूळ पाणी. "चिकणमातीचा थर आहे, पाण्याबरोबर वाहून गेला. शेजारी दुसरं भोक घेऊ," तुम्ही म्हणालात. माझंही तेच मत होतं. संध्याकाळी तुम्ही गेल्यावर साहेब आले. वर घरं बांधायची होती, दुसऱ्या भोकासाठी तीन आठवडे थांबायला कोणाला वेळ नव्हता. "सलग दिसू दे," एवढंच म्हणाले. मी ठोकळा खिशात टाकला, दोन्हीकडचे दांडे सरकवून जुळवले आणि नोंदवहीत लिहिलं, 'सलग'. साहेबांनी बळजबरी केली असं म्हणायला मला फार आवडलं असतं. पण हात माझे होते. दुसरं भोक वरून नामंजूर झालं, असं तुम्हाला सांगितलं. तुम्ही दोन दिवस फुरंगटलात आणि मशीन हलवलंत.

सात वर्षांनी त्याच थरावरून टेकडी घसरली. घरांसकट अकरा माणसं गेली.

चौकशीत पेटी उघडली, तेव्हा तुम्ही एकटेच ओरडलात, "इथे ठोकळा होता! विचारा हिला!" किती विश्वासाने पाहिलंत माझ्याकडे. आणि मी म्हणाले, पेटी माझ्यासमोर आली तेव्हा सलगच होती. ड्रिलवाल्याने लपवाछपवी केली, असा निकाल लागला. मला बढती मिळाली, दादा.

माफी मागायला मला तोंड उरलेलं नाही. मी स्वतः जाऊन खरं सांगायला हवं, हे कळतं. दोनदा चौकशीच्या कचेरीच्या जिन्यापर्यंत गेले आणि परत फिरले. तिसऱ्यांदाही फिरेन, मी स्वतःला ओळखते. म्हणून हे पार्सल. आत तो ठोकळा आहे. शाई फिकी झालीय, पण तुमचे आकडे वाचता येतात. त्याने गेलेली माणसं परत येणार नाहीत, तुमचं मशीनही नाही. तरी वहिनींना सोबत घेऊन त्या कचेरीत जा आणि तो तिथल्या अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवा. मग उलटा करा. मागे माझी सही आहे.

तुमचीच म्हणवायला लाजणारी,
दगडूबाई