विमानात बसण्याआधी केलेली पेट्यांची आणि घराची व्यवस्था

लिहून ठेवते मी, बेबाबाई झिपरू सपकाळे, वय अठ्ठावन्न, धंदा शाळेत ग्रंथपाल (तीन दिवसांपूर्वी निवृत्त), राहणार स्टेशनमागे, चाळीसगाव, जिल्हा जळगाव, ते असे की, माझे डोके ठिकाणावर आहे. याबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देताना डॉक्टर म्हणाले, "बाई, नाडी घोड्यासारखी चालली आहे. मृत्युपत्राची घाई कशाला?" मी म्हटले, "परवा औरंगाबादहून विमानात बसते आहे." त्यांनी लगेच सही केली.

हे मृत्युपत्र मी स्वखुशीने करते. दडपण कोणाचे नाही; आग्रह मात्र माझा थोरला भाऊ पुना याचा आहे. दिल्लीच्या नव्या कामाचे पत्र आले त्या दिवशी गल्लीत पेढे वाटून झाले, आणि पुनाभाऊ ओट्यावर बसून गंभीरपणे म्हणाला, "बेबा, तू इमानमा बसी राहिनी. इमान पडनं त हाई घर कोनं शे?" मी म्हटले, "भाऊ, रेल्वे रुळावरून घसरते तेव्हा तू असे विचारत नाहीस." तो म्हणाला, "रेल्वे जमीनवर शे."

रेल्वे जमिनीवर असते हे खरेच. म्हणून लिहायला बसले. पण भीती मला मुळीच नाही. शाळेत पहिला नंबर आलेल्या पोरीसारखी मी सकाळपासून उगाच घरभर फिरते आहे, दोनदा चहा उतू गेला. वाचणाऱ्याने अक्षर सांभाळून घ्यावे.

कलम १. घराबाबत. स्टेशनमागचे दोन खोल्यांचे घर माझ्या स्वकमाईचे आहे. माझ्या पश्चात ते मोफत वाचनालय व्हावे. पुनाभाऊस ओट्यावर बसण्याचा हक्क तहहयात राहील. त्याला तिथून कोणी उठवू नये, मात्र त्याने आत येणाऱ्या पोरांना "कोनं पोऱ्या शे तू?" असे विचारत बसू नये. मूल कोणाचे आहे हे वाचनालयाने विचारायचे नसते.

हे मी सहज लिहीत नाही. माझे वडील झिपरू स्टेशनवर हमाल होते. डब्यात राहिलेली वर्तमानपत्रे घरी आणून ते अक्षरे लावत शिकले. मग एका वाचनालयात जाऊ लागले. तिथला माणूस त्यांना पुस्तक द्यायचा, पण हातात नाही. पायरीवर ठेवायचा आणि दोन पावले मागे सरकायचा. वडील वाकून उचलायचे. मी सोबत असायचे, फ्रॉक घातलेली लहान पोर. छप्पन साली, मी पंचवीस वर्षांची असताना, त्यांनी धम्म स्वीकारला. त्यानंतर आम्ही दोघे पहिल्यांदा वाचनालयात गेलो तेव्हा ते वाकले नाहीत. नुसते हात पुढे करून उभे राहिले. बराच वेळ. शेवटी त्या माणसाने पुस्तक उचलून हातात दिले. घरी येताना वडील रस्त्यात इतके हसले की लोक वळून बघू लागले. मला ग्रंथपाल व्हायचे ते त्या दिवशी ठरले.

म्हणून या कलमातच अट घालते: माझ्या घरातल्या वाचनालयात पुस्तक टेबलावर सरकवू नये, फेकू नये. हातात द्यावे, आणि देताना समोरच्याकडे बघावे.

कलम २. फिरत्या पेट्यांबाबत. हा माझ्या इस्टेटीचा मोठा भाग आहे, जरी त्यातले माझे स्वतःचे काहीच नाही.

माहीत नसणाऱ्यांसाठी सांगते. शाळेत नोकरी करताना मला एक गोष्ट सलत असे. दोंडाईचाला वाचनालयाची कपाटे भरलेली आणि बोदवडच्या शाळेत एक फळी, तीही रिकामी. दोन्हीकडे रेल्वे थांबते. मग एक्याऐंशी साली आम्ही पत्र्याच्या पेट्या सुरू केल्या. एका गावाने पेटीत पुस्तके भरायची, पार्सलने दुसऱ्या गावी पाठवायची, वाचून झाली की पुढे. चाळीसगाव स्टेशनचे पार्सल क्लार्क नासीरभाई यांनी पहिली पेटी स्वतः गाडीत चढवली आणि गार्डला म्हणाले, "इसमें काच का सामान है समझो."

दोंडाईचा वाचनालयाचे चिटणीस गिरधरशेठ मात्र पेटी द्यायला तयार नव्हते. ते मिरचीचे व्यापारी. पुस्तक गावाबाहेर गेले म्हणजे गेलेच, असे त्यांचे मत. शेवटी त्यांच्याच वाचकांनी तगादा लावला तेव्हा, त्र्याऐंशीच्या उन्हाळ्याआधी, त्यांनी बोदवडसाठी एक पेटी भरली. नवी पेटी घ्यायची नाही म्हणून गोदामातली मिरचीची जुनी पेटी वापरली. वरून आमची कागदी चिठ्ठी डकवली. चिठ्ठी वाटेत पडली. खाली तेलरंगात एका जुन्या गिऱ्हाइकाचा पत्ता होता: झारसुगुडा, ओरिसा. रेल्वेने इमानदारीने पेटी बोदवडवरून पुढे नेली, नागपूर ओलांडले, आणि थेट तिथे पोचवली.

आम्हाला यातले काही ठाऊक नाही. बोदवडला पेटी पोचली नाही एवढेच कळले. गिरधरशेठांनी लेखी तक्रार केली की, बाईंनी पुस्तके विकली. मला सक्तीच्या रजेवर पाठवले, सगळ्या पेट्या जागच्या जागी थांबल्या, आणि दोंडाईचा धुळे जिल्ह्यातले म्हणून धुळ्याला चौकशी लागली. मी रात्रंदिवस रडले असे लिहायला हवे, पण खरे सांगायचे तर मी चिडून गल्लीभर सगळ्यांच्या गोधड्या शिवून दिल्या. सुई टोचायला काहीतरी हवे होते.

चौकशीच्या दिवशी शिक्षण खात्याच्या साहेबांपुढे गिरधरशेठ टेबलावर हात आपटून म्हणाले, "बठ्ठा, एकूणएक पुस्तकं वाचनालयना शेतस! कुठे शेतस त्या? चोर शे बाई! विचारा तिले!"

साहेब म्हणाले, "बाई, पेटी कुठे आहे?"

"साहेब, मला माहीत नाही," मी म्हणाले. "पण पुस्तकांची पेटी आहे. कोणीतरी उघडली असेल तर वाचत बसला असेल."

साहेबांनी पेन उचलले. माझी नोकरी त्या पेनाच्या टोकावर होती. तेवढ्यात दारात गलका झाला. पुढे हमाल, त्याच्या डोक्यावर पेटी, आणि मागे धोतर नेसलेले, घामाने भिजलेले एक अनोळखी गृहस्थ. ते झारसुगुड्याच्या शाळेचे मुख्याध्यापक पूर्णचंद्र बेहेरा होते. ज्याचा पत्ता पेटीवर होता त्या व्यापाऱ्याने दुकान केव्हाच बंद केले होते. पेटीत पुस्तके आहेत म्हणून तिथल्या स्टेशनमास्तरांनी ती शाळेत पोचवली. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबईला भावाकडे जाताना बेहेरामास्तर तिला सोबत घेऊन निघाले, कारण झाकणाच्या आत आमची छापील यादी चिकटवलेली होती आणि तिच्यावर माझे नाव आणि चाळीसगाव होते. चाळीसगावला उतरले, तर नासीरभाईंनी यादीवरचे नाव वाचून हरवलेली पेटी ओळखली आणि चौकशी चालू आहे म्हणून त्यांना पेटीसकट धुळ्याच्या गाडीत बसवून दिले.

"यह पेटी किसकी है?" मास्तरांनी विचारले.

मी आणि गिरधरशेठ एकदमच म्हणालो, "हमारी!"

साहेबांनी स्वतः झाकण उघडले आणि शिंकले. मग कारकून शिंकला. मग शिपाई. गिरधरशेठांच्या गोदामाची सगळी मिरची त्या पेटीच्या सांध्यांत बसली होती. मास्तर डोळे पुसत म्हणाले, "हमारा पूरा स्कूल तीन दिन छींका. मगर बच्चों ने किताब नहीं छोड़ी." पुस्तके सगळी होती. उलट वर आणखी होती, जिलबीसारख्या गोल अक्षरांची.

"ही आमची नाहीत," गिरधरशेठ घाईने म्हणाले, जणू आता त्यांच्यावरच आळ येणार होता.

"ये हमारी तरफ से," मास्तर म्हणाले. "हमारे बच्चों ने आपके चित्र देखे. अब आपके बच्चे हमारे देखें."

गिरधरशेठांनी एक पुस्तक उचलले. उलटे धरले, सुलटे धरले. पुन्हा शिंकले. आणि मग, मी स्वतःच्या कानांनी ऐकले, हळूच विचारले, "वापस कब करना है?"

साहेब इतके हसले की त्यांना पाणी द्यावे लागले. माझी रजा तिथेच संपली.

त्यानंतर जे झाले ते मी काही केले म्हणून झाले नाही. रेल्वे होती म्हणून झाले. झारसुगुड्याने एक पेटी बंगालला पाठवली. आम्ही सुरतेच्या लाइनीने गुजरातेत पाठवली. तिकडून राजस्थान. बोदवडच्या शिक्षिका भागाबाई त्या ओडिया बालपुस्तकांवरून ती लिपी शिकल्या आणि बेहेरामास्तरांना त्यांच्याच भाषेत कार्ड लिहू लागल्या. शाळा जोडल्या, सार्वजनिक वाचनालये जोडली, आणि या वर्षी दिल्लीने कार्यालयासाठी दोन खोल्या दिल्या, नाव दिले 'अखिल भारतीय फिरती ग्रंथपेटी', आणि ते चालवायला माणूस मागितला. भुसावळच्या सभेत माझे नाव कोणी सुचवले? गिरधरशेठांनी. उभे राहून म्हणाले, "बाई भांडखोर शे, पन पेटी पोचाडस."

तर व्यवस्था अशी: दिल्लीचे काम मी जिवंत असेतो करीन. खान्देशातल्या पेट्या आजपासूनच भागाबाईंच्या स्वाधीन. मी मेल्यावर नव्हे, आजपासून. विमान पडण्याची वाट बघायला लावणे बरे नाही.

कलम ३. बांधणीचा साचा, दाभण, सुया, खळीचे पातेले आणि कातडी कापायची सुरी नासीरभाईंच्या पत्नी अकबरीभाभी यांस. फाटलेले पुस्तक त्या असे शिवतात की मूळ शिवणीला लाज वाटावी. पातेल्यात पुन्हा स्वयंपाक करू नये. मी एकदा खिचडी केली होती, दोन दिवस जीभ टाळूला चिकटलेली.

कलम ४. माझी शिल्लक आणि फंड पेट्यांच्या भाड्यासाठी. पुतण्यांना वाईट वाटेल. त्यांनी माझ्या ट्रंकेतली लुगडी वाटून घ्यावीत, आणि आपापल्या बायकांना द्यावीत.

कलम ५. गिरधरशेठांबाबत. त्यांनी माझे नाव सुचवले, आभारी आहे. पण भर कचेरीत मला चोर म्हटले ते शब्द त्यांनी आजवर मागे घेतलेले नाहीत, आणि मीही विसरलेले नाही. त्यांना माझ्या इस्टेटीतून काहीही मिळू नये. एक टाचणीही नाही.

येथे मजकूर तपासायला बसवलेले वकीलसाहेब म्हणाले की, ज्याला काही मिळते त्याने किंवा त्याच्या घरच्याने साक्षीदार होऊ नये. मी आठवू लागले. भाऊला ओटा, भागाबाईंना पेट्या, भाभींना साचा म्हणजे नासीरभाईही गेले. माझ्या सगळ्या माणसांना मी काही ना काही देऊन बसले होते. उरले डॉक्टर आणि गिरधरशेठ. निरोप धाडला. शेठ दुपारच्या गाडीने आले, सोबत मिरचीची पिशवी, म्हणाले, "दिल्लीत तिखट मिळत नाही." वकिलांनी सगळे मोठ्याने वाचून दाखवले. पाचव्या कलमाला शेठ छताकडे बघत होते.

कलम ६, शेवटचे. माझे काही बरेवाईट झाले तर विधी बौद्ध पद्धतीने, साधा. पण ज्या दिवशी बातमी येईल त्या दिवशी कुठलेही वाचनालय बंद ठेवू नये. शोकसभा घेऊ नये. फोटोला हार घालून खुर्ची अडवू नये. ज्याला रडायचे आहे त्याने आत येऊन, पुस्तक घेऊन, आवाज न करता रडावे.

हे ऐकल्यावर गिरधरशेठांनी वकिलांना थांबवले. "बाई, दोंडाईचा तरी एक दिवस बंद ठेवू द्या. लोक काय म्हणतील?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी मिरचीची पिशवी खाली ठेवली. मग चष्मा काढून पुसला. "बरं," ते म्हणाले, "मंग त्या दिवशी तासभर उशिरा बंद करसू."

वकिलांनी विचारले, हे लिहायचे का? मी म्हटले, हो, आणि लिहिले.

येणेप्रमाणे सर्व मजकूर वाचून, ऐकून, समजून सही करते.

ठिकाण: चाळीसगाव
तारीख: ३ जून १९८९

(सही) बेबाबाई झिपरू सपकाळे

आमच्या समक्ष सही केली. साक्षीदार:
१. (सही) डॉ. वना आधार बोरसे, चाळीसगाव. बाई पूर्ण शुद्धीवर आहेत. आनंद जरा जास्त आहे, त्यास औषध दिलेले नाही.
२. (सही) गिरधर मोतीलाल जैन, दोंडाईचा. कलम पाच मान्य नाही. बाकी मान्य.