घसा बसला नव्हता

प्रिय अण्णा,

तुम्हाला जाऊन आठ महिने झाले आणि पत्र आज लिहितोय. काल इथल्या मराठी मंडळाच्या दसऱ्याच्या भाषणांच्या यादीत तुमच्या नातीने, मित्राने, स्वतःचं नाव घातलं. विषय, सम्राट अशोक. तुम्ही ठेवलेलं 'संघमित्रा' मी इथे परदेशात कापून 'मित्रा' केलं होतं. तिने पूर्ण नाव लिहिलंय.

तुम्ही इथे आला होतात, तो दसरा आठवतो? इथल्या स्वोर्ड्स गावातला मंडळाचा हॉल, तुमचा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. जन्मभर इतिहास शिकवलेला माणूस, पण मुलांना अशोक सांगायला पाच मिनिटं मिळणार म्हणून तीन दिवस तयारी करत होतात. गाडीत म्हणालात, "आज अशोक विजयादशमी हाय. आधी जय भीम म्हणतो, अन् मग कलिंग." मंडळाच्या लोकांत 'तुम्ही मूळचे कोण?' या प्रश्नाला मी वर्षानुवर्षं 'जालन्याचे' म्हणून वेळ मारून नेत होतो.

शिरल्या शिरल्या मी संयोजक बाईंना सांगितलं, "सॉरी हं, बाबांचा घसा बसलाय. बोलणं नाही जमणार."

तुम्ही मागेच उभे होतात. माझ्याकडे पाहिलंत आणि खोकलात. माझं खोटं निभावायला तुम्ही खोकलात, अण्णा! मग कार्यक्रमभर कोमट पाणी पीत बसलात.

परतताना मित्रा म्हणाली, "बट आजोबा, युअर व्हॉइस इज ग्रँड." तुम्ही हसलात आणि तिला गोष्ट सांगितलीत. "अशोकानं कलिंग जिंकलं, पण इतकी माणसं मेली की त्याला लाज वाटली. ती त्यानं दगडावर कोरून ठेवली. फक्त खुद्द कलिंगात नाही कोरली, बाळा. ज्यांचं वाईट केलं त्यांच्यासमोर बोलणं राजालाही जड जातं."

मला सुनावत होतात, की सांभाळून घेत होतात? मी रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिलो.

त्यानंतर दोन वर्षं दर रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमचं बीपी विचारलं, गोळ्या विचारल्या. बायकोपाशी कबूल केलं, मित्रापाशी केलं. तुमच्यापाशी जीभ रेटली नाही. फार लाज वाटते, अण्णा.

या दसऱ्याला मित्राच्या आधीची पाच मिनिटं मी मागून घेतलीत. हॉल तोच, माणसं तीच. आधी जय भीम म्हणेन. मग सांगेन, माझ्या वडिलांचा घसा त्या दिवशी ठणठणीत होता.

तुमचा,
महेंद्र