पंप सातवर

२ फेब्रुवारी, सकाळी ८
आजपासून टाकीची सूत्रं माझ्या हाती. लेक नोकरीसाठी परदेशात गेली त्याला महिना झाला. महिनाभर मी नुसतं खाणं टाकत होतो. यापुढे सुधारणा.

टाकी चार फुटी, खाऱ्या पाण्याची. आत खडक, प्रवाळ आणि दोन नारिंगी मासे. त्यातली मोठी ती बायको, असं लेक सांगून गेली आहे. नवरा दिवसभर तिच्या मागे मागे. यात मला तरी नवीन काही वाटलं नाही.

मुख्य म्हणजे झिपरी. लेकीने हे प्रवाळ दहावीत असताना आणलं तेव्हा त्याला दोन डोकी होती, आता आठ आहेत. न विंचरलेल्या केसांसारखं पाण्यात डुलतं म्हणून झिपरी. निघताना दारात लेक म्हणाली, बाबा, झिपरीला सांभाळ. मला म्हणाली. आईला नाही.

४ फेब्रुवारी
दोष सापडला! मागच्या डाव्या कोपऱ्यात खडकावर लालसर, बुळबुळीत साय धरली आहे. नेटवर वाचलं, तिथे पाणी खेळत नसलं की असं होतं. म्हणजे प्रवाह कमी. बत्तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात काढली आहेत मी. रजा विभागात का असेना, फायली पाण्याच्याच खात्याच्या होत्या.

टाकीतल्या पंपाचं बटण भिंतीवर आहे, दहा दिव्यांचं. लेकीने तीनवर ठेवलं होतं. पोरगी गुणी, पण भित्री. थेट सातवर नेलं. पाणी काय उसळलं! संध्याकाळी आईला काही विचारायला तिचा मधेच फोन आला, तेव्हा सांगून टाकलं. हो का, म्हणाली, आणि कितीवर नेलं ते दोनदा विचारून घेतलं. भारावली असावी.

५ फेब्रुवारी
सकाळी बघतो तर पंप तीनवर. सातवर नेला. जेवून उठलो, परत तीन. सात. चहा होईपर्यंत तीन.

६ फेब्रुवारी
फडकं मारताना हिचा हात लागत असणार. तसं विचारलं. ही म्हणाली, मला दुसरे उद्योग नाहीत का? बटणावर चिकटपट्टी लावली. आता बघू.

८ फेब्रुवारी
चिकटपट्टी जागच्या जागी. पंप तीनवर. मी हादरलो आहे. विचारांती निष्कर्ष: पंप थकतो. वय झालं की सगळ्यांचंच होतं.

एक चांगली गोष्ट. लेकीचा फोन पूर्वी रविवारी यायचा, आता रोज येतो. पोरीला घराची ओढ लागली. रोज विचारते, बाबा, नवीन काही बसवलं नाहीस ना? केवढा रस घेते!

१० फेब्रुवारी
लेक टाकीचं सगळं जिथून आणायची, त्या मासेवाल्याच्या दुकानात गेलो. तो म्हणाला, पंप ठणठणीत आहे, तुमच्या आधी काही जात नाही तो. ही काय बोलायची रीत झाली? वर म्हणाला, काका, झिपरीला वादळ नको, झुळूक पुरे. दुसरा पंप मागितला तर दिलाच नाही. उंटावरून शेळ्या हाकायला याचं काय जातं? टाकी मी सांभाळतोय.

१३ फेब्रुवारी
दुसऱ्या दुकानातून पंप आणला. जाडजूड. दिवे नाहीत, आकडे नाहीत. प्लग लावला की चालू, काढला की बंद. असा सरळ स्वभाव मला आवडतो. रबरी कपाने काचेला चिकटवला. लेकीला सांगितलं नाही. सरप्राइज.

१४ फेब्रुवारी
वाळू उडाली आहे. टाकीत काही दिसत नाही, पण प्रवाह उत्तम असल्याचं जाणवतं. दोघं नवराबायको हीटरच्या मागे एकमेकांना धरून आहेत. संसारात जवळीक वाढली. झिपरी मिटली आहे. विश्रांती घेत असेल.

१६ फेब्रुवारी
झिपरी अजून मिटलेलीच. एका डोक्यावरचं मांस गळून खालचा पांढरा सांगाडा दिसतोय. दुसरंही त्याच वाटेवर. दोनदा प्लगपर्यंत हात गेला. पण आता बंद केला तर माझंच चुकलं असं होतं. उद्या सकाळी शांतपणे निर्णय घेईन.

१७ फेब्रुवारी, दुपारी १२
निर्णय पंपाने घेतला. रबरी कप सुटला, पंप उताणा झाला आणि धार टाकीबाहेर. आधी इंटरनेटच्या राउटरवर, मग सोफ्यावर, मग सोफ्यावर बसलेल्या हिच्यावर. प्लग हिनेच काढला. मग फडकं माझ्या हातात दिलं, म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

दहाव्या मिनिटाला हिच्या मोबाइलवर लेक. आई, पंप ऑफलाइन का दिसतोय?

भिंतीवरच्या बटणाचा जुना पंप इंटरनेटवरून तिच्या मोबाइलवर दिसतो. तिकडे बसून ती तो कमी-जास्त करू शकते. दोन आठवडे मी सात करत होतो आणि ती तीन. मी म्हटलं, मग सांगायचं नाही का? ती म्हणाली, बाबा, तू इतका खुशीत सांगत होतास. बटण लॉक करता आलं असतं, पण म्हटलं, फिरवू दे त्याला.

मी हिच्याकडे बघितलं. ही केस पुसत होती. हिलाही माहीत होतं.

१८ फेब्रुवारी
नवा राउटर आला. पांढरा सांगाडा उघडा पडलेली डोकी दोन. लेकीने फोनवर सांगितलं, जुन्या पंपाचं तोंड दोन बोटं डावीकडे वळव. मी चष्मा शोधेपर्यंत हिने वळवलं. चार सेकंद लागले. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

२३ फेब्रुवारी
कोपरा स्वच्छ! झिपरी फुलली. लेकीने फोटो मागितला. जरा उजवीकडून काढला. खोटं नाही, नुसता अँगल. लगेच उत्तर आलं: छान. सहाच दिसतायत, बाकीची दोन?

मी खरं ते लिहिलं. सॉरीसुद्धा लिहिलं. तिने लिहिलं, असू दे बाबा, वाढतील परत.

मला तिचं ओरडणं चाललं असतं.

३ मार्च, संध्याकाळी ७
टाकी उत्तम. करण्यासारखं काही उरलेलं नाही. लेकीचा फोन पुन्हा रविवारवर आला आहे. आज मंगळवार.

साडेसहाला पंप चारवर नेला. फक्त चार, तेही मासेवाल्याला विचारून; झिपरीला चालतं म्हणाला. निव्वळ तांत्रिक चाचणी. खुर्ची ओढून बटणासमोर बसलो. सहा चाळीसला चौथा दिवा आपोआप विझला. तीन.

तिकडे आत्ता सकाळ, म्हणजे ऑफिसात पोहोचली. जागेवर बसली. बरी आहे.

फोनची वाट बघितली. आला नाही. ही मागे कधीची उभी होती, कोण जाणे. म्हणाली, एवढं वाटतं तर सरळ फोन कर की तिला.

मी म्हटलं, कशाला उगाच, कामात असेल. मी आपला पंप बघत होतो.