कापूस तुडवणारा पाय

बाबा, आज आमच्या नागपूरच्या दवाखान्यातून घाटंजीकडची एक मुलगी आपल्या पायांनी घरी गेली. तुमच्यासारखीच गाठ, गुडघ्याखालच्या हाडात, क्वचितच कुणाला होणारी, हाड आतून पोखरणारी. काल डॉक्टरांनी सीटी स्कॅनच्या पडद्यावर बघत बघत सुई थेट गाठीत नेली, गाठ गोठवून मारली आणि पोकळीत सिमेंट भरलं. मी शेजारीच उभी होते. हाडात सिमेंट म्हटल्यावर तुम्ही काय हसला असता!

तुम्ही जिनिंगवर, सरकी काढायच्या त्या कारखान्यात, गाड्यांमध्ये कापूस तुडवायचे आणि अंगभर खाज घेऊन घरी यायचे. त्या वर्षी भाव पडला, लोकांनी कापूस घरातच भरून ठेवला, तुमचं काम थांबलं. आम्हाला वाटलं, चला, दुखऱ्या पायाला तेवढाच आराम. मग भाव जरा हलला आणि सगळा कापूस एकदम बाहेर निघाला. तुम्ही गाडीवर चढलात. पडला नाहीत, घसरला नाहीत. मऊ कापसात उभ्या उभ्या हाड मोडलं. मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, कॅन्सर नाही, पण हाड उरलंच नाही, पाय काढावा लागेल. तुम्ही त्यांचा हातच धरला. "कॅन्सर नाई म्हनता, तं मंग माया पाय कायले कापता, साहेब?" मी तेव्हा नर्सिंग शिकत होते. सुईचा इलाज तेव्हा आपल्या जिल्ह्यात कुणी ऐकलाही नव्हता. ती हळहळ काही केल्या जात नाही.

घरी आल्यावर तुम्ही म्हणालात, "चाला, आता खाज अर्धीच." पण नसलेल्या पायालाही खाज सुटायची. तुम्ही रिकाम्या चादरीवर नखं फिरवताय, मी दारात उभी आहे. "काहून पाहून राह्यली? जाय, चहा मांड."

आज त्या मुलीच्या वडिलांनी हात जोडले. "ताई, पोरीचा पाय वाचला." सगळा वॉर्ड हसत होता. तिनं वॉकर धरून पाऊल टाकलं आणि मला आनंद झाला नाही, बाबा. राग आला. त्या एवढ्याशा पोरीचा, तिच्या नशिबाचा. इथं सगळे मला मायाळू सिस्टर म्हणतात, त्यांना हे कोणत्या तोंडानं सांगू? हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते. दारातून वळून तिनं मला हात केला, आणि मी पाहिलंच नाही असं केलं.