वेंडलचं सहावं गाणं

सोमवार, ५ जून. सकाळी ६.१०
आजपासून नवा हॉबर्ट मीड. कुणावर जळणार नाही. (मुळात जळतच नव्हतो. जिनीव्हा म्हणते म्हणून लिहून ठेवतोय. बायकोचं मन राखावं.)

निमित्त: वेंडल स्प्रॅडलिनचा नवा अल्बम. ‘मागच्या दारचा दिवा’. शुक्रवारी आला आणि सगळी काउंटी येड्यासारखी तेच बोलतेय. वेंडल म्हणजे तोच, ज्याला माझ्या गाण्याला साथीचा दुसरा आवाज लावायला मी शिकवलं. आमची जोडी ‘मीड आणि स्प्रॅडलिन’. माझं नाव आधी. सव्वीस वर्षांपूर्वी गाण्यात नाव काढायला तो नॅशव्हिलच्या बसमध्ये चढला, मी नाही चढलो. त्या दिवशी माझं पोट बिघडलं होतं. सासूबाईंचं बटाट्याचं सॅलड. नाहीतर आज कोण कुठे असतं...
जाऊ दे. जळणार नाही.

सकाळी ११
रेडिओ स्टेशनात मॅनेजर ब्लेविन्सने बोलावून घेतलं. माझा सकाळचा कार्यक्रम ‘देणं-घेणं’. लोक फोन करून कोंबड्या, जुने टायर, शिलाईमशीन विकतात, मी मध्ये मध्ये गाणी लावतो. वीस वर्षं झाली. तर या आठवड्यात रोज वेंडलचं एक गाणं लावायचं आणि लोकांना मत विचारायचं. शनिवारी खुद्द वेंडल फोनवर येणार, थेट नॅशव्हिलहून. ब्लेविन्स म्हणाला, तुम्ही जुने दोस्त, मजा येईल. मी म्हटलं, येणारच. इतके दात आवळून म्हटलं की अजून दाढ ठणकतेय.

दुपारी
शांतपणे विचार केला. ही संधी आहे. एक वही घेतली. दोन रकाने: ‘बाजूने’ आणि ‘विरुद्ध’. लोकांचं प्रामाणिक मत लिहायचं आणि शनिवारी त्याला वाचून दाखवायचं. माझ्याशिवाय तो काय आहे, ते लोकच सांगतील. मी कशाला बोलू?
मी स्वतः मात्र एकही गाणं ऐकणार नाही. ऐकलं की माणूस कुठेतरी झुकतोच. गाणं लागलं की हेडफोन काढायचा. त्याने घरी एक प्रत पाठवलीय, तिचं प्लॅस्टिकही फोडलं नाही. तिच्यावर कॉफीचा मग चांगला बसतो. जानेवारीत त्याचं एक पत्र आलं होतं, तेही कामी आलंय. स्वयंपाकघरातल्या टेबलाचा एक पाय आखूड आहे. जिनीव्हा म्हणाली, निदान वाच तरी. मी म्हटलं, टेबल हलेल.

मंगळवार, ६ जून. सकाळी १०
पहिलं गाणं लावलं. हेडफोन काढून पेन्सिलींना टोक केलं. सात पेन्सिली.
पहिला फोन यूलामावशी कॉडिलचा. ती मावशी अख्ख्या गावाची. सहा कोंबड्या आणि एक भांडखोर कोंबडा विकायचाय. वर म्हणाली, पोरा, अल्बम ऐकता ऐकता मी इतकी रडले की चुलीवरच्या घेवड्याच्या शेंगा करपल्या. मग म्हणाली, सहावं गाणं लाव की रे. आणि जरा थांबून, तुला काय सांगायचं म्हणा आम्ही.
वहीत लिहिलं: म्हातारीला रडवलं. अन्नाची नासाडी. विरुद्ध १.

नंतर ऑर्विल. कोळशाचा ट्रक चालवतो, शाळेपासूनचा मित्र. म्हणाला, हॉबर्ट लेका, सहावं लागलं आणि मला समोरचा रस्ता दिसेना. ट्रक बाजूला घेतला आणि दहा मिनिटं नाक शिंकरत बसलो.
वाहतुकीला अडथळा. विरुद्ध २.

दिवसअखेर विरुद्ध ७, बाजूने ०. एवढं वाईट चाललं असेल असं मलाही वाटलं नव्हतं. थोडी दयाच आली.

बुधवार, ७ जून
दुसरं गाणं. पेन्सिली संपल्यामुळे नखं कापली.
आज एक खरा विरोधक सापडला! आमच्या चर्चचे पाद्री, ब्रदर लेस्टर. म्हणाले, तिसऱ्या गाण्यात दारूचा उल्लेख चार वेळा आहे. मी खुर्चीत ताठ बसलो. म्हटलं, ब्रदर, जरा सविस्तर सांगा. तर म्हणाले, नक्की चारच ना, हे बघायला मी नऊ वेळा ऐकलं. आणि म्हणाले, सहावं कधी लावतोस? रविवारी प्रार्थनेनंतर ते वाजवावं म्हणतोय.
पाद्र्याला वाममार्गाला लावलं. विरुद्ध १३. (हा गुन्हा मोठा, म्हणून दोनदा धरला.)

सगळे त्या सहाव्यावर का अडून बसलेत? आणि माझ्याशी बोलताना आवाज का मऊ करतात? घरी कुणी आजारी असल्यासारखे. माझी कीव करत असतील तर गरज नाही. माझा स्वतःचा अल्बम आहे. ‘हॉबर्ट मीड: एकटा आणि खरा’. नऊ वर्षांपूर्वी काढला. गॅरेजमध्ये खोकी आहेत. लोकांना घाई नव्हती, मलाही नव्हती.

संध्याकाळी जेवताना जिनीव्हा म्हणाली, सहावं गाणं तरी ऐक. मी म्हटलं, तू पण? ती म्हणाली, मी परत सांगणार नाही, तुझं तुला कळेल तेव्हा कळू दे. मग मक्याचा पाव स्वतःपुरता गरम केला. मला गार.
नंतर ती गॅरेजमध्ये गेली. माझ्या दोन सीडी घेऊन मागच्या अंगणात जाताना दिसली. म्हणजे माझं ऐकावंसं वाटतं, पण कबूल करायचं नाही. स्वभाव.

गुरुवार, ८ जून. सकाळी ७
आज ब्लेविन्सचा हुकूम, सहावं लावच. लावतो. पण एक तरी माणूस खरं बोलणारा हवा. लोक भिडेखातर बोलत नाहीत. त्यामुळे रात्री फोनवर एक मत रेकॉर्ड करून ठेवलंय. नाव फ्लॉइड, शेजारच्या काउंटीतला. आवाज नाकातून काढला. मी विचारणार, तो उत्तर देणार. मध्ये मोजून जागा सोडल्यात. ही फसवणूक नाही. लोकांच्या मनातलंच आहे, फक्त आवाज माझा.

दुपारी १२
सहावं लावलं आणि थेट बाहेर जाऊन पार्किंगमध्ये उभा राहिलो. परत येऊन फ्लॉइडला सोडलं.
नेमका ठसका लागला. मी खोकत असताना फ्लॉइड म्हणाला, मी फ्लॉइड, शेजारच्या काउंटीतून बोलतोय. मग मी विचारलं, नाव काय तुमचं? फ्लॉइड म्हणाला, अगदी टाकाऊ. मी घाईने पुढचं विचारलं, सहावं गाणं कसं वाटलं? फ्लॉइड म्हणाला, धन्यवाद, बायकोलाही माझा नमस्कार सांगा. शेवटी सगळं झाल्यावर एकटाच बोलत सुटला, की सहाव्या गाण्याची चाल ज्याने केली त्याला कान नाहीत, त्याने जनावरांना चारा घालावा.
एकंदरीत मुद्दा पोचला.

लगेच यूलामावशीचा फोन. म्हणाली, हॉबर्ट, घसा बसलाय का? मध आणि लिंबू घे. आणि पोरा, इतका पण कमीपणा घेऊ नये रे माणसाने.
ब्रदर लेस्टर म्हणाले, अशी नम्रता मी आयुष्यात पाहिली नाही, रविवारी तुझं उदाहरण देणार आहे.
काय म्हणायचंय कळलं नाही. पण माझ्या वागण्याची छाप पडतेय हे नक्की. विरुद्ध २२ (फ्लॉइड धरून).

जाता जाता हवेवर सांगून टाकलं: ज्यांना अस्सल गाणं हवंय त्यांनी माझ्या घरून ‘एकटा आणि खरा’ फुकट न्यावा. जिनीव्हाला गॅरेज रिकामं हवंच आहे.

शुक्रवार, ९ जून
काय लिहू!
सकाळपासून फोनच फोन. वेंडलबद्दल नाही, माझ्याबद्दल! यूलामावशीला दहा हव्यात. विचारत होती, दोन्ही बाजू चमकतात का? मी म्हटलं, एका बाजूला माझा फोटो आहे, मावशी. ती म्हणाली, मग तर उत्तमच. ऑर्विलने वीस मागितल्या. पावसात टिकतील का म्हणाला. मी म्हटलं, लेका, माझी गाणी कुठल्याही हवेत टिकतील. ब्रदर लेस्टरनी पूर्ण खोकं नेलं आणि चर्चच्या परसात उभं राहून माझे आभार मानले.
संध्याकाळपर्यंत गॅरेज रिकामं! नऊ वर्षं थांबलो. लोकांनी आठवडाभर वेंडल ऐकला आणि मूळ झऱ्याकडे परतले. जिनीव्हा खोकी देत होती, गालात हसत होती. माझा अभिमान वाटत असणार.
कुणी सुतळी पण मागितली म्हणे. बांधून न्यायला असेल.

उद्या वेंडल. वही तयार. इस्त्रीचा शर्ट काढला. रेडिओवर दिसत नाही, पण आवाजात उतरतो.

शनिवार, १० जून. सकाळी ११.४०
सावकाश लिहितो.
वेंडल फोनवर आला. आवाज तोच, थोडा जाड झालाय. म्हणाला, हॉबर्ट, दोस्ता, तुझा आवाज ऐकून घरी आल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, कामाचं बोलू. वही उघडली. विरुद्ध ३१, बाजूने ०. सगळं वाचलं, करपलेल्या शेंगांपासून. तो हसायला लागला. मला वाटलं, कसनुसा हसतोय. मग मी फ्लॉइडचं मत माझं म्हणून सांगितलं. सहाव्याची चाल सगळ्यांत वाईट, करणाऱ्याला कान नाहीत.
वेंडल इतका मोठ्याने हसला की आवाजाच्या मीटरचा काटा लाल रेषेच्या पार गेला. म्हणाला, तू काही बदलला नाहीस लेका, अजून स्वतःचीच टर उडवतोस. मी विचारलं, स्वतःची? तो म्हणाला, अरे, तुझीच चाल ना ती. तुझ्या आईच्या पडवीत चेरीच्या बिया काढता काढता तू गुणगुणायचास, शब्द कधी घातले नाहीस. मी जानेवारीत पत्रातून परवानगी मागितली, तुझं उत्तर नाही. शेवटी जिनीव्हाला फोन केला, ती म्हणाली खुशाल घे. पुस्तिकेत छापलंय की. चाल: हॉबर्ट मीड. तुझंच नाव आधी आहे, बघितलं नाहीस?

काचेपलीकडून ब्लेविन्सने गाणं लावलं. हेडफोन कानावरच राहिला.
पहिल्या ओळीतच ओळखलं. माझी आई, ती पत्र्याची बादली, माझे लाल झालेले हात. सगळं होतं त्यात. ही माणसं आठवडाभर माझ्या चालीवर रडत होती आणि मी त्यांना विरुद्धच्या रकान्यात टाकत होतो.
गाणं संपलं. वीस वर्षांत मी हवेवर कधी शांतता पडू दिली नाही. आज पडली. ब्लेविन्स म्हणतो, चाळीस सेकंद. फोनवर ताटकळलेल्या एकाही माणसाने फोन ठेवला नाही.
शेवटी वेंडल म्हणाला, हॉबर्ट, आहेस ना? मी म्हटलं, आहे. मग यूलामावशीचा कोंबडा अजून विकायचा राहिलाय एवढंच सुचलं.

रविवार, ११ जून. दुपार
टेबलाखालचं पत्र काढून वाचलं. टेबल हलतंय. हलू दे.

चर्चला जाताना पाहिलं. यूलामावशीच्या चेरीच्या झाडावर दहा हॉबर्ट मीड. सुतळीने टांगलेले, वाऱ्यावर गरगरतायत. ऑर्विलच्या स्ट्रॉबेरीवर वीस. चर्चच्या परसातल्या झाडावर तर फांदी दिसेना. जिनीव्हा म्हणाली, मी बुधवारी आपल्या झाडावर दोन लावून पाहिल्या, पाखरं फिरकली नाहीत, तर सहज यूलामावशीला सांगितलं. मी विचारलं, एकाने तरी ऐकली का गं? ती गाडी चालवत राहिली. म्हणाली, तू विचारलंस म्हणून सांगते, मावशीने एक गाणं ऐकलं. मग दोरी ओवली.

ब्रदर लेस्टरनी प्रवचनात माझ्या नम्रतेचं उदाहरण दिलं. सगळे वळून बघत होते. मी बुटांकडे बघत होतो.

आणि आता या रोजनिशीत लिहूनच टाकतो, नाहीतरी कोण वाचणार: सॅलडमध्ये काही नव्हतं. पोट ठीक होतं. मी बसस्टॉपवर गेलो होतो, मला भीती वाटली, मी घरी आलो. चाल माझी होती, पण त्या चालीला आवाज वेंडलचाच हवा होता. हे मला तेव्हाही माहीत होतं.
मतांच्या वहीतले ३१ खोडले. पलीकडे लिहिले. बाजूने ३२. शेवटचं मत माझं.

संध्याकाळी ६
जिनीव्हा शिडीवर चढून चेरी काढतेय. पाखरांना सीडींची सवय झालीय. एक रॉबिन पक्षी तर माझ्या फोटोवरच चोच घासत बसला होता. मी खाली बादली धरून उभा. कुणी ऐकत नव्हतं म्हणून सहावं गाणं म्हणून पाहिलं, शब्दांसकट, पूर्ण आवाजात.
झाडावरची सगळी पाखरं एकदम उडाली. शेजारच्या झाडावरचीही.
मी गप्प झालो. जिनीव्हा वरून म्हणाली, थांबू नकोस रे, अजून अर्धी बादली भरायचीय.
मग पहिल्यापासून म्हटलं.