पंचवीस मिलिमीटरचा ठोकळा

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. कारण तसंच आहे. आमचे प्रमुख साहेब मार्चअखेर रिटायर होतायत. टेस्टिंग खात्याची खुर्ची रिकामी होणार. त्या खुर्चीत कोण बसणार हे शॉपमधल्या झाडूवाल्यालाही माहीत आहे. फक्त मॅनेजरला अजून सुचलेलं नाही.

सव्वीस वर्षं अल्ट्रासॉनिक मशीन गळ्यात अडकवून फिरतोय. पोलादाच्या पोटात भेग कुठे आहे, टाकीचा पत्रा आतून झिजून किती उरलाय, हे मी बाहेरून सांगतो. डॉक्टरला किमान पेशंट सांगतो तरी कुठे दुखतंय ते. टाकी काय सांगणार?

संकल्प: रोज सकाळी मशीनचं कॅलिब्रेशन. नियमाने. आणि वेल्डरवर ओरडायचं नाही.

४ फेब्रुवारी
कॅलिब्रेशन राहिलं. वेल्डरवर ओरडलो. पण चूक त्याचीच होती.

५ फेब्रुवारी
राहिलं. खरं तर गरजच नाही. कॅलिब्रेशन म्हणजे काय, तर पंचवीस मिलिमीटर जाडीचा एक पोलादी ठोकळा असतो. त्यावर मशीनचा प्रोब टेकवायचा आणि मशीनला सांगायचं, बाबा रे, याला पंचवीस म्हणतात. मग पुढे दिवसभर ते त्या हिशेबाने मोजतं. माझ्या मशीनला मी हे दोन वर्षांपूर्वी एकदा नीट समजावलंय. शहाण्याला शब्दाचा मार पुरे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
सतरा तारखेला ऑडिट. साहेबांनी गेल्या वेळचा शेरा वाचून दाखवला: ठोकळ्यावर गंज आढळला. सगळ्यांसमोर वाचला. मग म्हणाले की खुर्ची मागणाऱ्याने आधी आपली ठोकळ्याची पेटी साफ ठेवावी. मी काही बोललो नाही. मनात खूप बोललो.

८ फेब्रुवारी
ठोकळा काढून पाहिला. खरंच वाईट अवस्था. खड्डे पडलेत. पेटीत पाणी कोणी जाऊ दिलं, देव जाणे. पेटी माझ्या ताब्यात असते, पण म्हणून काय मी रात्रंदिवस तिच्यावर बसून राहू?

पॉलिश पेपरने तासभर घासलं. खड्डे तसेच. मग शॉपमधल्या ग्राइंडरवाल्याकडे नेला. त्याने दोन्ही बाजूंनी मशीन फिरवलं. काय चकाकी आली! भांग पाडता येईल असा आरसा. तो आपला अतिशहाणा, विचारतो की आता याची जाडी पुन्हा मोजून घेणार ना. मी म्हणालो, अरे, पोलाद आहे ते, साबण नाही झिजायला. बरोबरचे सगळे हसले. दिवस छान गेला.

११ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ८
अखेर कॅलिब्रेशन केलं! आणि बरं झालं केलं. चकचकीत ठोकळ्यावर प्रोब ठेवला तर मशीन दाखवतंय चोवीस पॉइंट तीन. पंचवीसच्या जागी! म्हणजे दोन वर्षं हे मशीन माझ्याशी खोटं बोलत होतं. कान धरून पंचवीसवर आणलं.

वस्तूवर आंधळा विश्वास टाकू नये हेच खरं. हे वाक्य भाषणात वापरायचं, खुर्ची मिळाल्यावर.

१७ फेब्रुवारी
ऑडिट पास. ऑडिटरने पेटी उघडली, ठोकळा पाहिला, पेटीवरचं, डिसेंबरपर्यंत वैध असल्याचं स्टिकर पाहिलं आणि म्हणाला की वस्तू अशी सांभाळावी. साहेबांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. ग्राइंडरवाला दारात उभा होता. त्याला चहा पाजायचा विचार होता, पण मग त्याला वाटलं असतं की काम त्याने केलं.

गेल्या मंगळवारपासून रोज कॅलिब्रेशन चालू आहे. एक दिवस चुकलेला नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार
आज बाहेरचं काम होतं, हॉस्पिटलच्या लाँड्रीतला वाफेचा ड्रम तपासला. ही तिथेच कामाला आहे, चौदा वर्षं. चादरींच्या घड्या घालते. मी आत गेलो तेव्हा मुद्दाम वर बघितलं नाही तिने. कामाच्या ठिकाणी आपण नवराबायको नाही, असा तिचाच नियम आहे.

वाफेचा दाब पेलायला ड्रमचा पत्रा कमीत कमी आठ मिलिमीटर हवा. सगळ्यात पातळ जागी आठ भरला. गेल्या वर्षी आठ पॉइंट दोन होता. काठावर, पण पास. तिथल्या सुपरवायझरने विचारलं की नक्की ना, कारण हल्ली आवाज करतो. मी सही करून कागद हातात ठेवला. माझी सही म्हणजे विषय संपला.

२२ फेब्रुवारी
ही जेवताना सांगत होती. तिच्या मैत्रिणीचं टेबल अगदी ड्रमला लागून आहे, आणि तिला तिथे उभं राहायची भीती वाटते. म्हणून हिने आपलं खिडकीजवळचं टेबल तिला दिलं आणि स्वतः ड्रमजवळ गेली. मैत्रिणीला म्हणाली म्हणे, आमच्या ह्यांनी तपासलाय, कसली भीती?

तोंडावर नाही म्हणणार कधी. बाहेर म्हणते. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. असा विश्वास मॅनेजरला असता तर खुर्चीची वाट बघायची वेळ आली नसती.

२५ फेब्रुवारी
आता खरी वाईट वेळ आली. खात्यात एक नवी बाई आली आहे. वय असेल तीस. आधी कुठल्याशा मोठ्या कारखान्यात होती. स्वतःचं मशीन, स्वतःची पेटी, स्वतःचा ठोकळा. ठोकळा फडक्यात गुंडाळून ठेवते, तान्ह्या बाळासारखा. सकाळी वीस मिनिटं कॅलिब्रेशन करते आणि दुपारी पुन्हा पाच मिनिटं. मी सांगितलं की आमच्याकडे एकदा केलेलं पुरतं. म्हणाली, बरं. आणि दुपारी पुन्हा केलं.

२८ फेब्रुवारी
माझ्या पास केलेल्या दोन टाक्या बाईने सहज म्हणून मोजल्या. सहज! माझा बारा पॉइंट तीन, तिचा बारा. माझा दहा पॉइंट तीन, तिचा दहा. प्रत्येक वेळी तिचं कमी.

हात हलका आहे तिचा. प्रोब दाबून धरत नाही. मी प्रेमाने समजावलं. ती म्हणाली की तसं असतं तर आकडे कधी कमी, कधी जास्त आले असते. हे तर एकाच मापाने कमी येतायत. ऐकून घेतलं. कानामागून आली आणि तिखट झाली.

५ मार्च, बुधवार
साहेबांनी बाईला विचारलं, मला नाही, की फरक का पडत असेल. ती म्हणाली की दोन्ही ठोकळे एकदा मोजून बघू या. साहेब म्हणाले, बघू. मला बाजूला घेऊन म्हणाले की तुम्हीच शांतपणे मोजून टाका आणि मला सांगा. म्हणजे माझ्यावर संशय! सव्वीस वर्षांनी!

मी मोजणार नाही. मोजणं म्हणजे कबुली.

६ मार्च
मोजायला हरकत नव्हती. पण आता मोजलं तर बाईचं ऐकलं असं होईल.

१० मार्च, सोमवार
मॅनेजरकडे लेखी तक्रार दिली. दोन पानं. नवीन कर्मचाऱ्याचा ठोकळा सदोष असून खात्याची प्रतिष्ठा धोक्यात आली आहे. मागणी: दोन्ही ठोकळे सर्वांसमक्ष मोजले जावेत. सर्वांसमक्ष, याखाली दोनदा रेघ मारली. हातच्या काकणाला आरसा कशाला?

साहेब म्हणाले की अजूनही तक्रार मागे घ्या. मी म्हणालो की खरं बोलणाऱ्याला कसली भीती. घरी येऊन हिला सांगितलं. ती म्हणाली, तुम्हाला माहीत.

१४ मार्च, शुक्रवार. दुपारी ३
सगळे जमले होते. मॅनेजर, साहेब, बाई, वेल्डर, ग्राइंडरवाला. स्टोअरमधून जाडी मोजायचा मायक्रोमीटर आणला. मीच म्हणालो की आधी बाईंचा मोजा.

बाईंचा: पंचवीस.

माझा: चोवीस पॉइंट तीन.

मी म्हणालो की मायक्रोमीटर पुसून घ्या. पुसला. चोवीस पॉइंट तीन. दुसरा आणला. तोच आकडा. मग ग्राइंडरवाल्याने तोंड उघडलं. म्हणाला की मी तेव्हाच विचारलं होतं, तर हे म्हणाले की पोलाद आहे, साबण नाही झिजायला. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी ६
नीट विचार केला. यात माझी चूक कुठे आहे? ऑडिटरने शेरा मारला नसता तर मी ग्राइंडरकडे गेलोच नसतो. साहेबांनी शेरा सगळ्यांसमोर वाचला नसता तर घाई केली नसती. आणि मशीन! ते बिचारं पहिल्याच दिवशी खरा आकडा दाखवत होतं. मीच कान पिळून त्याला खोटं शिकवलं. हे शेवटचं वाक्य खोडायचं आहे.

दोन वर्षं कॅलिब्रेशन केलं नाही, तेव्हा सगळं बरोबर होतं. महिनाभर रोज नियमाने केलं, ते सगळं चुकलं. असला न्याय जगात कुठे असतो?

१७ मार्च
त्या महिन्याभरात मी पास केलेल्या टाक्यांची यादी मॅनेजरने मागवली. एकूण तेवीस. सगळ्या पुन्हा मोजायच्या. बाई मोजणार, मी पेटी उचलून बरोबर जाणार. नवव्या ओळीत लाँड्रीचा ड्रम.

ती ओळ दोनदा वाचली. महिनाभर ही त्याला लागून उभी आहे. बाईला म्हणालो की आज पहिला तो घेऊ. तिने कारण विचारलं नाही. लगेच निघाली.

दुपारी १
सात पॉइंट आठ. बाईने तीनदा मोजलं, मग सुपरवायझरला ड्रम बंद करायला सांगितलं. वाफ सोडली तेव्हा ही पलीकडे घडी घातलेली चादर छातीशी धरून उभी होती. या वेळी मात्र तिने माझ्याकडे बघितलं.

संध्याकाळी
हिला म्हणालो, अगं, दोन दशांश मिलिमीटरचा तर फरक. नखाएवढाही नाही. ती ताटं घेत होती. म्हणाली की मैत्रिणीला मी खिडकीजवळ पाठवलं नसतं तर ती तिथे उभी असती, आणि तिला दोन लहान मुलं आहेत. मी म्हणालो की पण काही झालं नाही ना. म्हणाली, नाही झालं. आणि भात वाढला.

लाज वाटली. एवढंच लिहितो.

२४ मार्च, सोमवार
खुर्ची बाईला. मला स्टोअर. काम हलकं आहे, पंखा आहे. ठोकळे, मायक्रोमीटर, सगळं माझ्याच ताब्यात. म्हणजे एका अर्थाने खात्याची सगळी सूत्रं माझ्याकडेच. रोज संध्याकाळी सगळ्या ठोकळ्यांना तेल लावायचं, असा बाईंचा हुकूम आहे.

२५ मार्च
तेल लावायचं राहिलं. उद्यापासून नक्की.

३१ मार्च, सोमवार. सकाळी ७
लाँड्रीत नवीन ड्रम बसला. आज काम सुरू. ही डबा भरत होती. मी आपणहून सांगितलं की ड्रम तपासून झालाय, कागदही लागलाय, आता काही काळजी नाही.

तिने डब्याचं झाकण लावलं आणि विचारलं की सही कुणाची आहे.

मी म्हणालो, बाईंची.

मग ठीक आहे, म्हणाली. चपला घातल्या आणि गेली.