लेकीला पोचवायला मोठी गाडी

४ मार्च
घेतली! तीस वर्षं जुनी, पण 'जुनी' हा शब्दच चूक. क्लासिक. गडद निळा रंग, खऱ्या चामड्याच्या सीटा, लाकडी डॅशबोर्ड. दार लावलं की तिजोरी बंद झाल्यासारखा आवाज. आधीचे मालक हार्ट स्पेशालिस्ट. किल्ली देताना त्यांचे डोळे पाणावले. त्यांची बायको मात्र हसत होती, असं आमच्या हिचं म्हणणं. हिचं निरीक्षण कच्चं आहे.
नव्या छोट्या गाडीपेक्षा स्वस्त पडली. लोकांना साधं गणित येत नाही.
संकल्प: जूनमध्ये लेक नोकरीसाठी परदेशी निघणार. तिला याच गाडीतून एअरपोर्टवर सोडायचं. मागच्या सीटवर, राणीसारखं. लेक म्हणाली, बाबा, टॅक्सी करू या ना. लहान आहे अजून.

५ मार्च, सकाळी
गाडी मागून खाली बसली आहे. गाय बसते तशी. तिच्यात स्प्रिंगा नाहीत, हवेच्या पिशव्या आहेत. इंजिन सुरू केल्यावर सावकाश उठली. काय रुबाब! शेजाऱ्याने विचारलं, पंक्चर का? मी आरसे पुसायला घेतले.

९ मार्च
मेकॅनिक मिळाला. देवमाणूस. गाडी बघून आधी हात जोडले. म्हणाला, साहेब, एवढ्या पिशव्या बदलल्या की मग बघायलाच नको. पार्ट बाहेरून मागवावे लागतील. म्हटलं, मागव.

२८ मार्च
पिशव्या बदलल्या. बिलाचा आकडा इथे लिहीत नाही. ही माझी रोजनिशी वाचत नाही, पण उगाच कशाला. बाथरूमच्या टाइल्स पुढच्या वर्षी बदलू, असं हिला सांगितलं. ही म्हणाली, बाथरूम निदान जागेवर राहतं. विनोद समजला नाही.

२ एप्रिल
पेट्रोलचा काटा बिघडलाय. भरलं की उतरतोच. मेकॅनिकने तपासला. काटा ठीक आहे.

११ एप्रिल
पार्किंगमध्ये ऑइलचे डाग. सोसायटीच्या सेक्रेटरीने जिन्यात गाठून झापलं. मी शांतपणे समजावलं की ऑइल गळतंय म्हणजे आत ऑइल आहे, हे चांगलं लक्षण. खाली पुठ्ठा टाकला.

२४ एप्रिल
उजवा इंडिकेटर दिला की वायपर फिरतात. मेकॅनिक म्हणाला, वायरिंगचं वय झालंय, साहेब. एवढं वायरिंग झालं की बघायलाच नको. तोवर फक्त डावीकडे वळत ऑफिसला जायचा रस्ता शोधून काढलाय. थोडा लांब आहे. ऑफिसात साहेबांनी उशिराबद्दल टोकलं. त्यांना चांगलं सुनावलं. मनातल्या मनात.

१० मे, रविवार
घरभर उघड्या बॅगा. प्रत्येक खुर्चीवर लेकीचे कपडे. बसायला जागा नाही. उभं राहवत नाही. खाली जाऊन बॉनेट उघडून उभा राहतो, जरा बरं वाटतं. आज लेकीने विचारलं, बाबा, माझ्याबरोबर स्वेटर घ्यायला येता? म्हटलं, आज वॉटर पंप आहे. पुढच्या रविवारी नक्की.

१७ मे, रविवार
रेडिएटर. स्वेटर मायलेकींनी जाऊन आणला. रंग बरा आहे.

३० मे
लेक आपणहून खाली आली. मागच्या सीटवर टेकली, पाय ताणून दिले, काच खाली केली. काच दाराच्या आत पडली. खडखड आवाज. ती हसली, मग मीही. म्हणाली, गाडी छान आहे हो बाबा, पण आता वर चला, जेवायला एकत्र बसू. म्हटलं, तू हो पुढे, मी काच बघून आलो. आलो तेव्हा ताट झाकून ठेवलं होतं. काच अजून आतच आहे.

१२ जून
ट्रायल घेतली. बाजारापर्यंत जाऊन परत. शंभर टक्के पास! मेहुणा म्हणाला, मी माझी छोटी गाडी घेऊन मागून येतो, असू दे. हा गाडीचा आणि माझा अपमान आहे. तसं स्पष्ट सांगितलं. हिने त्याला वेळ कळवून टाकली.

१४ जून, एअरपोर्टचं पार्किंग
निघालो वेळेवर. मागे मायलेकी. रस्त्यावर लोक वळून बघत होते. पुलाच्या चढावर गर्दी. टेंपरेचरचा काटा चढला. काटा बिघडला असावा, म्हटलं. मग बॉनेटखालून वाफ.
मेकॅनिकला फोन. म्हणाला, झाकण उघडू नका, गार होऊ द्या. बघायलाच नको, असं या वेळी म्हणाला नाही.
मेहुणा मागे होताच. उतरून बॅगा हलवायला लागला. लेक म्हणाली, बाबा, तुम्हीही चला. बॅग घेते मी मांडीवर. म्हटलं, काच उघडी आहे, गाडी अशी टाकून कसं येणार? गार झाली की आलोच मागोमाग. ती म्हणाली, राहू दे ना ती गाडी. दोनदा म्हणाली. मग हॉर्न वाजायला लागले आणि मेहुण्याने गाडी काढली. ती मागच्या काचेतून हात हलवत होती. माझ्या हातात पाण्याचा कॅन होता.
गाडी गार झाली. एका किल्लीत सुरू. पोचलो तर ही आणि मेहुणा गेटबाहेर उभे. लेक आत गेली होती. बराच वेळ थांबली होती म्हणे.

१५ जून
काल परत येताना गाडीने जराही त्रास दिला नाही. लोण्यासारखी आली. तसं हिला म्हणालो. ही खिडकीबाहेर बघत होती.
आता लेकीचा मेसेज आला. सुखरूप पोचली. आईला लांबलचक मेसेज आहे. खोली कशी, थंडी किती, शेजारी कोण. ही चष्मा लावून पुन्हा पुन्हा वाचतेय.
मला एकच ओळ आहे. बाबा, गाडी कशी आहे?